फळीला घागरा

चाचांच्या डोळ्यांवर बेतलं ते माझ्या नाकामुळे. हे मी आजवर पुष्कळ जणांना सांगितलंय, आणि दर वेळी असं रंगवून सांगितलंय की ऐकणारे हसले पाहिजेत. ते हसतात, मीही हसतो. मग घरी येतो, हातपाय धुतो आणि दिवसभर पोती उचलल्यासारखा दमून खाटेवर पडतो. म्हणून म्हटलं, आता एकदाचं लिहूनच टाकावं.

मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. मोताळ्याच्या बाजारात माझं पत्र्याचं दुकान आहे. हाताचे पंप, बॅटरीचे पंप, आणि ज्याला हत्तीच्या सोंडेसारखं नळकांडं असतं तो पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा पंप, जो हवेच्या झोतानं औषध धुक्यासारखं उडवतो. वायसर घासलं, तोटी गळायला लागली, इंजिन फुरफुरलं, की माणूस माझ्याकडं येतो. माझा धंदा कपाशीच्या अगदी उलटा चालतो. बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा बोंडातली अळी मरायला लागली, फवारण्या कमी झाल्या, पंप माळ्यावर गेले, आणि सगळा तालुका खुशीत असताना मी एकटा दुकानात तोंड पाडून बसलो. पुढं काही वर्षांनी त्याच बीटीच्या बोंडात गुलाबी अळी निघाली, पानांवर पांढरी माशी बसली, आणि माझ्या दुकानापुढं रांग लागली. लोकांच्या घरी सुतक असल्यासारखे चेहरे, आणि मी पान्हा घेऊन कामात बुडालेला. अशा माणसाला लोक लग्नात पंगतीच्या टोकाला बसवतात, पण बसवतात. पंप उद्या पुन्हा बिघडणारच असतो.

मात्र एक गोष्ट नवी सुरू झाली होती. लोक पंप दुरुस्तीला टाकून जायचे आणि परत न्यायलाच यायचे नाहीत. कुणी सुरतेला गेला, कुणी पुण्याला कंपनीच्या गेटवर उभा राहिला. पंपांच्या पट्ट्यांना मी गावांची नावं लिहून चिठ्ठ्या बांधायचो. चिठ्ठ्या पिवळ्या पडायच्या, उंदीर खायचे. फळीवर असे नऊ-दहा पंप कायम पाठ टेकून बसलेले असायचे, एसटीची वाट पाहत बसलेल्या पाहुण्यांसारखे.

माझ्या दुकानाला भिंत लागून चाचांचं दुकान. चाचा ताडपत्री शिवतात. ट्रॉलीवर झाकायची, सोयाबीनच्या गंजीवर टाकायची, भाजीवाल्यांच्या पालाची. साठी उलटलेली, पण चष्मा नाही. दाभणात दोरा एका झटक्यात ओवायचे, आणि वीस फुटांची शिवण रेघ न मारता अशी सरळ घालायचे की चिखलीहून ट्रॅक्टरवाले त्यांच्याकडं कापड घेऊन यायचे. घरात चाची आणि नांदायला न गेलेली एक मुलगी. तिघांचं पोट चाचांच्या दोन डोळ्यांवर. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून मी अजाण होतो असं म्हणायची सोय नाही.

तर एका उन्हाळ्यात, कपाशी उपटून पऱ्हाट्या बांधावर पडल्या होत्या आणि मला काही काम नव्हतं, तेव्हा हायस्कूलचे विज्ञानाचे सर आले. त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्यातरी देशातला एक गोरा माणूस गोल फळीवर खुर्ची टाकून बसला होता. फळीत पाला उडवायच्या यंत्राची नळी खुपसलेली. यंत्र सुरू झालं की फळी जमिनीपासून बोटभर उचलायची आणि एका बोटानं ढकललं तरी माणसासकट घसरत जायची.

"हॉवरक्राफ्ट म्हणतात मिस्त्री ह्याला," सर म्हणाले. "प्रदर्शनात ठेवायला असलं काही मिळालं असतं ना..."

"ह्याच्यात काय आहे सर?" मी म्हणालो. "आपले पंप सगळे हवेवरच तर चालतात. पंधरा दिवसांत तुम्हाला बसवून शाळेत पाठवतो."

शेजारून मशीनचा आवाज थांबला. चाचांनी मान वर न करताच विचारलं, "लेका, परवा सायकलच्या ट्यूबात हवा भरता भरता कोण घाबरलं होतं बे?"

असं कुणी म्हटलं की मला चेव येतो. हा माझा जुना आजार आहे.

सरांनी मला तत्त्व समजावून सांगितलं होतं, तेही दोनदा. माणसाचं वजन अख्ख्या फळीभर वाटलं गेलं की हवेला फार जोर लावावा लागत नाही. फक्त हवा फळीखाली कोंडली पाहिजे आणि कडेनं सगळीकडून सारखी निसटली पाहिजे. एका अंगानं जास्त निसटली की त्या अंगानं फळी टेकते किंवा पळते. मी दोन्ही वेळा मान डोलावली आणि दोन्ही वेळा माझं लक्ष खुर्ची कुठली घ्यावी याच्याकडं होतं.

प्लायवूडचा चार फुटांचा गोल कापला. मध्यापासून वीतभर बाजूला सोंड बसेल एवढं भोक पाडलं. खालून प्लास्टिक लावलं आणि कडेनं खिळ्यांनी ठोकलं, ढोलकीसारखं ताणून. सुरू केलं तर आवाज फार छान आला, फळी तसूभरही हलली नाही. सगळी मेहनत डफडं बनवण्यात गेली होती. दुसऱ्या वेळी प्लास्टिक ढिलं ठेवलं. ते खाली फुग्यासारखं फुगलं, फळी त्या फुग्यावर डुलायला लागली आणि मी खुर्चीसकट चाचांच्या दारात जाऊन पडलो. तिसऱ्या वेळी हवा निघायला भोकं पाडली, पण कडेला पाडली. हवा आत थांबायलाच तयार नव्हती. पाहुण्यांसाठी दोन्हीकडची दारं सताड उघडी ठेवल्यासारखं झालं.

चाचा दोन-तीन दिवस नुसतं पाहत होते. मग त्यांना राहवलं नाही.

"गादी पाह्यली का तू कधी?"

"झोपतो रोज."

"झोपतोच फक्त. गादीले मधी टाके काऊन मारतात? कापूस एका अंगाले जाऊ नाई म्हून. तुह्या हवेले मधी टाका मार, फुगा सुतावर येते."

हे त्या गोऱ्या माणसाच्या चित्रफितीत होतंच, पण मला दिसलं नव्हतं. प्लास्टिकच्या मध्यावर पत्र्याची थाळीएवढी चकती लावायची, ती बोल्टनं फळीला घट्ट आवळायची, म्हणजे फुगा होत नाही, गोल टायर होतो. भोकं त्या चकतीच्या आजूबाजूला, मध्यावर. हवा आधी टायर फुगवते, मग भोकांतून खाली येते आणि कडेखालून सगळीकडं पसरते.

प्लास्टिकची कड खिळ्यांनी फाटत होती, म्हणून चाचांनी पातळ ताडपत्री घेतली. गोलाला पुरेल अशी, चुन्या घालून, दुहेरी शिवणीची झालर केली आणि शिवणीवर पंक्चरचं सोल्युशन फिरवलं. शिवता शिवता मशीनवर वाकून स्वतःशीच हसत होते.

"चाळीस साल झाले धंद्याले. फळीले घागरा पहिल्यांदाच शिवून राह्यलो."

आता हवा. सोंडेचे बेवारस पंप दुकानातल्या फळीवर बसलेलेच होते. त्यातला सगळ्यात दणकट मी उतरवला. चिठ्ठीवरून कळलं, डोंगराकडच्या एका गावच्या माणसाचा. दोन वर्षांपूर्वी ठेवून गेलेला. इंजिन साफ केलं, प्लग बदलला, टाकी सोड्याच्या पाण्यानं खळखळून धुतली. मग आमच्या धंद्यात जी शेवटची परीक्षा करतात ती केली. टाकीत नाक घातलं आणि दोन वेळा हुंगलं. वास नाही म्हणजे पंप स्वच्छ. माझ्या वस्तादानं मला हेच शिकवलं होतं, आणि मीही पुढं चार जणांना शिकवलंय. टाकीच्या बुडाशी जो तपकिरी साका चिकटून होता तो मला दिसला. पण वास नव्हता. साक्याला मी गंज म्हटलं. प्लास्टिकच्या टाकीला गंज!

चालवायला गुळगुळीत जमीन हवी. आमच्या इथं अशी जमीन एकाच ठिकाणी होती. गावाबाहेरची जिनिंग दोन हंगामांपासून बंद होती. तिचं कापूस टाकायचं गोडाऊन रिकामं, सिमेंटची फरशी आरशासारखी. चौकीदार आमच्या ओळखीचा. त्यानं दार उघडून दिलं आणि तंबाखू मळत बाहेर बसला.

मी गोडाऊनची दारं लावून घेतली. बाहेर लू सुटली होती, वाऱ्यानं फळी भलतीकडं जायला नको म्हणून. खरं सांगायचं तर पडलो तर कुणी पाहू नये म्हणूनही. बंद जागेत पेट्रोलचं इंजिन लावू नये हे मी माझ्या गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

दोरी ओढली. पंप भणाणला, घागरा फुगला, फळी उचलली. अशी सपाट उचलली की तिच्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो. भिंतीला हात लावून ढकललं तर सरळ रेषेत पंधरा-वीस पावलं घसरत गेलो. मी ओरडलो, चाचा ओरडले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा जमीन सोडली होती, बोटभर का होईना.

चाचांना मात्र त्यांची शिवण पाहायची होती. हवा सगळीकडून सारखी येते की नाही, फळीखाली उजेड सारखा दिसतो की नाही. ते फरशीवर आडवे झाले, गाल जमिनीला टेकवला, आणि फळी जाईल तिकडं कोपरांवर सरकत राहिले. "अजून चालव बे. इकडून ये. आता तिकडून." मी चालवत राहिलो. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. त्या पंपाची तोटी घासलेली होती, आणि हे पंप टाकीवर हवेचा दाब देतातच, त्याशिवाय औषध सोंडेत चढत नाही. बुडातला साका तळाशी उरलेल्या सोड्याच्या पाण्यात सैल झाला होता. तो सोंडेत चढत होता, धुकं होऊन घागऱ्यात जात होता आणि कडेखालून, जमिनीलगत, चारी बाजूंनी बाहेर पडत होता. वर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता, आणि पेट्रोलच्या धुरात चाचांनाही वेगळा वास कळला नसावा.

"थांब," चाचा म्हणाले. "धूळ गेली डोळ्यात."

उठून बसले. डोळ्यांतून पाण्याची धार. नाक वाहायला लागलं, मग तोंडातून लाळ. मी त्यांना माझा रुमाल दिला, तो रुमाल ज्यानं मी सकाळी सोंड पुसली होती. मग दार उघडून चौकीदाराला चहा टाकायला सांगितला. माझ्या डोक्यात एवढंच, की ऊन लागलं असेल. चहाचा घोट घेतला आणि त्यांनी तो तिथंच ओकला. घामानं सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता.

"मिस्त्री," ते म्हणाले. मला ते कधीच मिस्त्री म्हणत नाहीत. "दार लावलं काय पुन्हा? मले काई दिसून नाई राह्यलं."

दार सताड उघडं होतं. समोरून मे महिन्याचं ऊन आत येत होतं.

त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागं चौकीदार त्यांना धरून. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चाचांच्या डोळ्यावर बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"कोणतं औषध?"

"औषध नाही मॅडम. धूळ गेली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अहो, तुम्ही दारातून आत आलात तेव्हापासून वास मारतोय. कोणतं औषध?"

मी माझा सदरा हुंगला. काहीच नाही.

सिस्टरनं चाचांचे कपडे उतरवले, अंग साबणानं धुतलं आणि कपडे एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी ती मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसलो. बाकावर चार-पाच माणसं होती. एक बाई तोंडाला पदर लावून उठली. मग तिच्यासोबतचा म्हातारा. मग सगळेच. मला वाटलं, पेशंटसोबत आलेला दुःखी माणूस पाहून लोक जागा करून देताहेत. मी त्यांना "बसा, बसा" म्हणत होतो. एक जण दुरूनच म्हणाला, "भाऊ, ते थैली बाहीर ठेवा न! मळमळून राह्यलं सगळ्याइले." मी पिशवीत तोंड घातलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. आत साबण होता की विष होतं की नुसतं कापड होतं, मला काहीही कळलं नाही. आमची मंडळी वर्षानुवर्षं म्हणायची, "अवो, तुमच्या अंगाले किती वास येते." मी समजायचो बायको टोमणा मारते. तीस वर्षं मी टाक्यांत नाक घालून पंप पास करत होतो, आणि ते नाक कधी मेलं ते मला कुणी कळवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना औषधाचं नाव हवं होतं. कोणतं ते कळलं तर उपचार नेमका करता येईल म्हणाल्या. मी चिठ्ठीवरच्या गावात फोन लावला, तिथून त्या माणसाचा पुण्याचा नंबर मिळवला. तो गेटवर ड्युटीत होता. मागं ट्रकांचे भोंगे वाजत होते.

"दोन सालाआधी तुझ्या पंपात काय भरलं होतं, आठवते का?"

"कायले?"

"सांग तू आधी."

"एक थोडीच होतं मिस्त्री. कायनंच अळी मरे नाई, तं तीन मिसळले होते. एक झाकणावर लाल पट्टीचं, एक कडू वासाचं, अन् एक दुकानदारानं सोबत दिलं, त्याचं नाव कोणाले माहीत!" मध्येच तो एका ट्रकवाल्यावर ओरडला. "पंप चालू झाला का मंग?"

"झाला."

"तुलेच राहू दे. मी काई आता वापस येत नाई."

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मग सिस्टरला म्हणाल्या, "अँटिडोट चालू ठेवा, आणि जिल्ह्याला हलवायची तयारी करा." वाईट वाटलं असण्यापेक्षा त्या थकलेल्या जास्त दिसल्या. असल्या केसेस त्यांच्याकडं दर हंगामात येत असणार, फक्त घागऱ्याखालून आलेली ही पहिली.

चाचांना हलवण्याआधी हवालदार आला. विषाची केस म्हणजे जबाब लागतोच. त्यानं वही उघडली, वर न पाहताच विचारलं, "शेती किती?"

"शेती नाही साहेब," मी म्हणालो. "ताडपत्री शिवतात."

"मग औषध काऊन घेतलं?"

मी त्याला फळी, घागरा, गोरा माणूस, सगळं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, मी ह्या टेबलावर लय कहाण्या ऐकल्या. घरचे लोक काहीबाही सांगतात. पण अशी कोणी नाही सांगितली." चाचा स्ट्रेचरवरून, डोळे मिटलेले, तोंडाला फेस, खरखरत म्हणाले, "खरं बोलून राह्यला तो. हा पागल आहे, साहेब. लिहा. पागल आहे."

बुलढाण्याला पाच दिवस. इंजेक्शनांनी बाहुल्या आता उलट्या झाल्या होत्या, मोठ्या, काळ्याभोर, आणि त्यांनीही काही दिसत नव्हतं. पहिले दोन दिवस चाचा भ्रमात होते. त्यांचे हात हवेत चालायचे. डाव्या हातानं कापड सरकवायचे, उजव्यानं चाक फिरवायचे, मध्येच दोरा दातानं तोडायचे. चाची उशाशी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी मी चहा आणून दिला तेव्हा एवढंच विचारलं, "नजर वापस येईल म्हणते का डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक येईल. तीन आठवडे थांबा. किती येईल ते आत्ता सांगता येत नाही.

"येईल म्हणते," मी म्हणालो.

गावात मात्र निकाल लागून गेला होता. चाचांनी औषध घेतलं. काऊन घेतलं ते जो तो आपापल्या परीनं सांगत होता. मी फळीची गोष्ट सांगायला लागलो की लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "जाऊ द्या मिस्त्री, तुम्ही दोस्त आहा, तुम्ही असंच सांगणार." आयुष्यभर मी थापा मारल्या तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला.

मी ते सगळे बेवारस पंप दुकानातल्या फळीवरून उतरवले. टाक्या उघडून पाहिल्या. नाकानं नाही, डोळ्यानं. सगळ्यांच्या बुडाशी काही ना काही होतं. कृषी केंद्रवाल्याला विचारून, हातमोजे घालून, ते जमा करायची सोय झाली तेव्हा जमा केले. मग पुष्कळ दिवस दुकान उघडून नुसता बसायचो. पंप आला तर सांगायचो, धुऊन आणा, मला वास येत नाही. हे म्हणताना एखाद्या न्हाव्यानं मला वस्तरा दिसत नाही म्हटल्यासारखं वाटायचं.

तीन आठवड्यांनी चाचा दुकानात आले. मुलीच्या खांद्यावर हात होता, पण ओट्याची पायरी स्वतः चढले. मशीनपुढं बसले. चिखलीच्या ट्रॅक्टरवाल्याचं ट्रॉलीचं कापड महिन्याभरापासून घडी घालून पडलं होतं. त्यावर हात ठेवून बसून राहिले. मग मला हाक मारली.

"ते तुही फळी कुठी आहे?"

"जाळून टाकणार आहे."

"जाळ मंग. आधी तिले नवा घागरा शिवतो."

"चाचा, कायले?"

"लेका, मले काय दिसते अन् काय नाई ते मलेच समजून नाई राह्यलं. ट्रॅक्टरवाल्याच्या कापडावर पाहू का? त्याचा माल भिजला तं तो काई माझ्या डोळ्याले पाहणार नाई. तुह्या फळीचं काई बिघडलं तं कोणाचं नुकसान होते? तुहं तं आधीच बिघडलेलं आहे."

मी सरांना फोन लावला.

ह्या वेळी सर सोबत बसले आणि मी त्यांचं खरोखर ऐकलं. जुनी फळी टाकून दिली, नवं प्लायवूड आणलं. पेट्रोल नाही, पंप नाही. जिनिंगच्या चौकीदारानंच सांगितलं, मशीनीवरची रुई झाडायचा विजेचा ब्लोअर गोडाऊनच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला आहे. दोन हंगामांपासून. मी पहिल्या दिवशी भिंतीला हात लावून फळी ढकलली होती ना, ती भिंत. त्यातून आयुष्यात कधी रुईच्या धुळीशिवाय काही गेलं नव्हतं, आणि ते मी सांगत नव्हतो, चौकीदार सांगत होता. ब्लोअरच्या तोंडाला बारीक जाळी लावली. वायर तीन पिनांची, अर्थिंगची. बटण असं की बोट उचललं की बंद. फरशी ओल्या पोत्यानं पुसून घेतली. दारं दोन्ही उघडी. सगळ्यांना चष्मे, आणि कुणीही खाली वाकायचं नाही, काही झालं तरी. माणसाऐवजी सरकीचं पोतं मध्यावर ठेवायचं.

घागरा चाचांनी दोन दिवसांत शिवला. पूर्वी तो त्यांनी अर्ध्या दिवसात शिवला होता. मी आमच्या मधल्या भिंतीपलीकडं बसून मशीनचा आवाज ऐकायचो. दोन टाके, थांब. चार टाके, थांब. सुईत दोरा मुलगी ओवून देत होती.

गोडाऊनला सर, चौकीदार, चाचा आणि मी. चाचांना दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला, खुर्ची टाकून बसवलं. मी बटण दाबलं. घागरा फुगला, फळी उचलली. पोतं हलकेच डोललं. आणि मग कुणी हात न लावता फळी सावकाश डावीकडं निघाली. मी ती परत मध्यावर आणली. पुन्हा डावीकडं. ओढ अशी नव्हती की डोळ्यात भरावी. रिकाम्या खाटेवरून घडी घातलेलं पांघरूण घसरतं तशी.

मी बोट उचललं.

"कशी चालली?" चाचांनी विचारलं. इतक्या अंतरावरून त्यांना ती हललेली दिसली नव्हती.

"मस्त," मी म्हणालो. "जराशी डावीकडं जाते. फरशीला ढाळ आहे."

सरांनी तोंड उघडलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी मिटलं.

चाचांनी नाकावरचा चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "फळी अर्धी फिरव. पोतं तसंच राहू दे. आता चालव."

हे मलाच सुचायला हवं होतं, किंवा मला सुचलं होतं आणि मी गप्प होतो. फरशीला ढाळ असला तर फळी कशीही फिरवा, ती तिकडंच जाणार. शिवणीत फरक असला तर ओढही फळीसोबत फिरणार. मी फळी अर्धी फिरवली. बटण दाबलं.

"कोणीकडं जाऊन राह्यली?"

ब्लोअरचा आवाज गोडाऊनभर घुमत होता.

"उजवीकडं," सर हळूच म्हणाले.

"बंद कर," चाचा म्हणाले.

ब्लोअर थांबला, घागरा बसला. प्लग काढेपर्यंत मी त्यांना खुर्चीतून उठू दिलं नाही. मग ते आले, फळी आम्ही तिघांनी उलटी केली. चाचा फरशीवर बसले. मुलीनं दिलेला काळा चष्मा त्यांनी काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि बोटं शिवणीवरून फिरवायला लागले. एक वीत, दोन वीत. एका जागी थांबले, थोडे मागं आले, पुन्हा तिथंच थांबले.

"इथी," म्हणाले. "इथून सुटली लाइनीतून. हातभर." मग बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लांबून चालत आलेल्या माणसासारखा चेहरा होता. "ट्रॅक्टरवाल्याचं कापड उद्या वापस देऊन ये."

"बरं."

"अन् पान्हापेटीत ब्लेड असन तं दे."

त्यांनी चुकलेला पहिला टाका बोटानं शोधून उसवायला घेतला. मी उठून गोडाऊनचं मोठं दार आणखी ढकललं, आत ऊन यावं म्हणून.

"उजेडाचं काम नाई बे," ते म्हणाले. "बस इथी. तू नुसतं कापड ताणून धर."